सनीबँकच्या खोलीवर कोणाचे नाव? हॉट स्प्रिंग्जमधील एका जुन्या अतिथिगृहाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, मॅडिसन काउंटीच्या डोंगराळ भागात, फ्रेंच ब्रॉड नदीच्या काठावर हॉट स्प्रिंग्ज नावाचे लहानसे गाव आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पसरलेली अ‍ॅपलाचियन ट्रेल ही पायवाट या गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते, त्यामुळे पाठीवर बोजा घेतलेले पदयात्री येथे दरवर्षी वसंतात दिसू लागतात. याच रस्त्यालगत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सनीबँक हे दुमजली लाकडी घर उभे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याची नोंद असून गेली अनेक दशके ते प्रवाशांना, विशेषतः पदयात्रींना, उतरण्याची जागा देत आले आहे. घरासमोर राज्याच्या महामार्ग-स्मारक योजनेतील एक फलक आहे. सेसिल शार्प या इंग्रज लोकगीत-संग्राहकाने १९१६ साली ‘लॉरेल कंट्री’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखात बॅलड, म्हणजे कथागीते, जमवली आणि त्यांपैकी पुष्कळ गाणी देणाऱ्या जेन जेन्ट्री या घरात राहत होत्या, एवढाच त्या फलकावरील मजकुराचा आशय आहे.

या अभ्यासाचा प्रश्न त्या फलकावरून सुचलेला आहे. जुन्या अतिथिगृहांतील खोल्यांना क्रमांकाऐवजी व्यक्तींची नावे देण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. एखाद्या घराचा संबंध प्रसिद्ध लोकगीत-संग्राहकाशी असेल, तर त्याचे नाव एका खोलीला देणे व्यवस्थापकाला अगदी स्वाभाविक वाटते. सनीबँकसारख्या घरात ते कितपत योग्य ठरेल? मी हा प्रश्न निर्णय घ्यावयाचा आहे असे समजून मांडला आहे. या घरातील खोल्यांची आजची नावे काय आहेत याच्याशी पुढील विवेचनाचा संबंध नाही. घराचा आणि त्यातील माणसांचा इतिहास मात्र सर्वस्वी नोंदलेला आहे, आणि नामकरणाचा निर्णय त्या इतिहासावरच आधारलेला असला पाहिजे.

घर आणि घराची मालकीण

जेन हिक्स यांचा जन्म १८६३ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या वायव्य कोपऱ्यातील वॉटॉगा काउंटीत झाला. त्यांचे आजोळ हार्मन घराण्यात होते. आजोबा कौन्सिल हार्मन हे त्या परिसरातील नावाजलेले कथेकरी आणि गायक होते. बीच माउंटनच्या आसपास पसरलेल्या हिक्स आणि हार्मन कुटुंबांत पुढे जी कथनपरंपरा टिकली, तिचा माग बहुतेक वेळा या आजोबांपर्यंत जाऊन पोहोचतो. जेन लहान असतानाच कुटुंब मॅडिसन काउंटीत आले. तेथे न्यूटन जेन्ट्री यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यांना नऊ अपत्ये झाली.

हे कुटुंब १८९८ च्या सुमारास हॉट स्प्रिंग्जला राहायला आले ते मुलांच्या शिक्षणासाठी. प्रेस्बिटेरियन मिशनने तेथे डॉरलंड इन्स्टिट्यूट ही शाळा चालवली होती आणि डोंगरातील शेतावर राहून मुलांना तिचा लाभ देणे शक्य नव्हते. गावात आल्यावर जेन यांनी पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली आणि सनीबँक हे पुढे जेवणखाणासह राहण्याची सोय असलेले घर म्हणून परिचित झाले. नामकरणाच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे, कारण येथे गायिका ही कोणा संशोधकाला दूरच्या खोपटात सापडलेली अनामिक वृद्धा नव्हती. ती घर चालवणारी, हिशेब सांभाळणारी, परक्या माणसांना वाढणारी आणि मुलांच्या शाळेसाठी मुक्काम हलवणारी बाई होती. गाणी तिच्या कामाच्या दिवसात विणलेली होती आणि पाहुण्यांचे येणे हा तिच्या धंद्याचा भाग होता. अर्विंग बॅचेलर या अमेरिकन कादंबरीकारानेही त्यांच्याविषयी मासिकात लेख लिहिला. त्यात त्यांच्या गाण्यांपेक्षा त्यांच्या आनंदी स्वभावाचेच कौतुक अधिक होते.

गावाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. हॉट स्प्रिंग्ज त्या काळी उष्ण झऱ्यांसाठी प्रसिद्ध होते आणि माउंटन पार्क हॉटेल हे तेथील मोठे, श्रीमंतांचे विश्रामस्थान होते. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर त्याच हॉटेलच्या आवारात दोन हजारांहून अधिक जर्मन खलाशांना स्थानबद्ध ठेवण्यात आले, आणि १९२० साली ते हॉटेल आगीत जळाले. ज्या गावात मोठे हॉटेल नाहीसे झाले त्याच गावात एका बाईने चालवलेले बोर्डिंगचे घर शिल्लक राहिले, ही गोष्ट मला योगायोगापेक्षा थोडी अधिक वाटते. लहान घराची गरज हंगामी श्रीमंतीवर अवलंबून नसते.

पाहुणा

सेसिल शार्प यांचा जन्म १८५९ सालचा. व्यवसायाने ते संगीतशिक्षक होते. १८९९ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे त्यांनी मॉरिस नृत्य पाहिले आणि १९०३ साली सॉमरसेटमधील हॅम्ब्रिज गावात जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याच्या तोंडून एक लोकगीत ऐकले. तेव्हापासून इंग्लंडमधील लोकगीते आणि लोकनृत्ये नोंदवणे हेच त्यांचे जीवितकार्य झाले. महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्लंडमधील त्यांचे उत्पन्नाचे मार्ग आटले, म्हणून १९१४ च्या अखेरीस ते एका नाट्यनिर्मितीतील नृत्यांच्या कामासाठी न्यूयॉर्कला गेले. पुढच्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधील लिंकन येथे ते आजारी असताना ऑलिव्ह डेम कॅम्पबेल नावाच्या बाई त्यांना भेटायला आल्या. अमेरिकेच्या पूर्व भागातील अ‍ॅपलाचियन डोंगरांत, म्हणजे अ‍ॅपलाचियात, त्यांनी स्वतः जमवलेल्या गाण्यांचे बाड त्यांच्यासोबत होते. ते बाड पाहूनच शार्प यांना त्या मुलखात जाण्याची निकड वाटली.

१९१६ च्या जुलै महिन्यात पश्चिम नॉर्थ कॅरोलायनात अतिवृष्टी होऊन फ्रेंच ब्रॉड नदीला विध्वंसक पूर आला होता. त्यानंतर लगेचच, जुलैच्या अखेरीस, शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलिस अ‍ॅशव्हिलला पोहोचले. मॅडिसन काउंटीतील लॉरेल ओढ्यांच्या खोऱ्यांत त्यांनी मिशनच्या शाळा आणि दवाखाने यांच्या आधाराने काम सुरू केले. तेथून ते हॉट स्प्रिंग्जला आले आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जेन जेन्ट्री यांच्याकडून साठांहून अधिक गाणी त्यांनी उतरवून घेतली. अ‍ॅपलाचियातील तीन वर्षांच्या कामात दुसऱ्या कोणत्याही एका गायकाकडून त्यांना इतकी गाणी मिळाली नाहीत. १९१६, १९१७ आणि १९१८ या तीन वर्षांत मिळून शार्प यांनी तेथे ४६ आठवडे काढले आणि २८१ गायकांकडून १,६१२ चाली नोंदवल्या. त्यांना दम्याचा त्रास होता आणि वाटा बहुतांशी पायीच तुडवाव्या लागत, हे लक्षात घेतले तर हा आकडा मोठा आहे.

त्यांची काम करण्याची रीत पाहिल्याशिवाय पुढचा विचार करता येणार नाही. गायक गात असताना शार्प कानाने ऐकून चाल स्वरलिपीत लिहीत आणि कार्पेलिस लघुलिपीत शब्द टिपत. प्रत्येक गाण्यासोबत गायकाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहिलेली असे. छापील पुस्तकातही प्रत्येक चालीवर तो तपशील आहे, आणि एकच गाणे पाच जणांनी म्हटले असेल तर पाचही पाठ वेगवेगळे, पाचही नावांसह दिलेले आहेत. त्यापूर्वीचे अनेक संपादक वेगवेगळ्या पाठांतून उत्तम ओळी निवडून एक गुळगुळीत गाणे तयार करीत आणि ते कोणाचे होते याचा पत्ता लागू देत नसत. त्या तुलनेत शार्प यांची शिस्त मोलाची होती. जेन जेन्ट्री हे नाव आज आपल्याला ठाऊक आहे याचे मोठे श्रेय त्या वहीतल्या काटेकोर नोंदीला द्यावे लागते. शार्प यांचे नाव खोलीवर नको असे मी पुढे म्हणणार असलो, तरी ही बाजू झाकून ठेवणे अन्यायाचे होईल.

संग्राहक नेमका कोण?

संग्राहकाच्या नावाने खोली, असे ठरवले की सहसा एकाच माणसाचे चित्र डोळ्यांसमोर येते. या प्रकरणात तसे चित्र उभे राहत नाही. गाणी जमवण्याच्या कामात किमान तीन व्यक्ती होत्या आणि त्यांतील दोघी स्त्रिया होत्या.

ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांचा जन्म १८८२ साली मॅसॅच्युसेट्समध्ये झाला. त्यांचे पती जॉन कॅम्पबेल रसेल सेज फाउंडेशनच्या वतीने दक्षिणेकडील डोंगराळ समाजाचा अभ्यास करीत होते. त्या फिरतीत, १९०८ च्या सुमारास, केंटकीतील हिंडमन येथील शाळेत एका विद्यार्थिनीच्या तोंडून त्यांनी एक जुने इंग्रजी कथागीत ऐकले. शार्प अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून त्या ही गाणी टिपत होत्या आणि १९१६ मध्ये कोणत्या खोऱ्यात, कोणाकडे जावे याची दिशाही शार्प यांना कॅम्पबेल दांपत्याकडूनच मिळाली. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पुस्तकात १२२ गाणी आणि ३२३ चाली होत्या, आणि शीर्षकपृष्ठावर संग्राहक म्हणून पहिले नाव कॅम्पबेल यांचे, दुसरे शार्प यांचे होते. शार्प १९२४ साली वारले. १९३२ साली कार्पेलिस यांनी संपादित केलेली विस्तारित, दोन खंडांची आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यात २७४ गाणी आणि ९६८ चाली होत्या. तिच्या शीर्षकपृष्ठावर संग्राहक एकटे शार्प आहेत, आणि कॅम्पबेल यांनी ‘दिलेल्या’ ३९ चालींचा उल्लेख खाली उपवाक्यासारखा येतो. आवृत्ती वाढली, संग्रहातील शार्प यांचा वाटा प्रचंड झाला, म्हणून क्रम बदलला, असे स्पष्टीकरण देता येते आणि ते खोटेही नाही. तरीही ज्यांच्या बाडामुळे हा सारा प्रवास सुरू झाला त्या बाईंचे नाव पंधरा वर्षांत अग्रस्थानावरून आकड्याच्या रकान्यात गेले, ही वस्तुस्थिती राहतेच.

कॅम्पबेल यांच्याबाबत नावांची आणखी एक गंमत आहे. जॉन कॅम्पबेल १९१९ साली निवर्तले. त्यांच्या टिपणांवरून ऑलिव्ह यांनी डोंगरी समाजावरील ग्रंथ पूर्ण केला आणि तो १९२१ मध्ये पतीच्या नावाने प्रसिद्ध केला. पुढे डेन्मार्कमधील लोकशाळा पाहून येऊन त्यांनी १९२५ साली नॉर्थ कॅरोलायनातील ब्रासटाउन येथे एक शाळा काढली. ती आजही चालू आहे आणि तिचे नाव जॉन सी. कॅम्पबेल फोक स्कूल असे आहे. स्वतःचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावावर मांडण्याची ही वृत्ती त्यांची स्वेच्छेची असेल, परंतु त्यामुळे नकाशावर त्यांचे नाव शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

मॉड कार्पेलिस यांचा वाटा आणखी सहज नजरेआड होतो. शब्द त्यांच्या हातचे आहेत. गाण्याचा अर्धा भाग, आणि वाचणाऱ्याच्या दृष्टीने मोठा भाग, त्यांच्या लघुलिपीतून आलेला आहे. शार्प यांच्या पश्चात जवळजवळ अर्धशतक त्यांनी हे कार्य सांभाळले आणि १९५० साली पुन्हा त्या डोंगरांत जाऊन ध्वनिमुद्रणे केली. एका खोलीवर ‘सेसिल शार्प’ अशी पाटी लावली की या दोघींना नकळत व्हरांड्यात बसवल्यासारखे होते.

स्थानिक पर्याय हवाच असेल, तर बॅस्कम लमार लन्सफर्ड यांचा विचार कोणी सुचवेल. ते मॅडिसन काउंटीतील मार्स हिल येथे १८८२ साली जन्मले, १९२८ मध्ये त्यांनी अ‍ॅशव्हिलचा लोकनृत्य-लोकगीत महोत्सव सुरू केला आणि ते स्वतः गायकही होते. पण या घराशी त्यांचा तसा संबंध नाही, म्हणून तो पर्याय येथेच सोडावा हे बरे.

काय ऐकले गेले आणि काय नाही

खोलीला नाव देणे म्हणजे त्या व्यक्तीच्या दृष्टीलाही मान देणे असते, त्यामुळे ती दृष्टी तपासणे भाग आहे. शार्प यांना अ‍ॅपलाचियात इंग्लंड हवे होते. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतकऱ्यांनी दूर डोंगरात जपून ठेवलेली जुनी गाणी मिळतील या अपेक्षेने ते गेले आणि त्यांना ती भरपूर मिळाली. पाच स्वरांच्या चालींचे तिथले प्राबल्य त्यांनी नेमके हेरले. मात्र त्याच घरांत वाजणारा बँजो, मिशनच्या प्रार्थनागृहांतील भजने, नव्याने आलेली गाणी, डोंगरात राहणारे कृष्णवर्णीय गायक यांच्याकडे त्यांचे लक्ष क्वचितच गेले. १९१८ साली व्हर्जिनियातील नेलिसफर्ड येथे मारिया टोम्स या वृद्ध कृष्णवर्णीय बाईंकडून त्यांनी एक कथागीत घेतले. असे प्रसंग त्यांच्या कामात बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९८० च्या दशकात डेव्हिड व्हिस्नंट आणि डेव्ह हार्कर या अभ्यासकांनी, पहिल्याने अ‍ॅपलाचियाच्या आणि दुसऱ्याने इंग्लंडच्या संदर्भात, या निवडकपणावर कठोर टीका केली. हार्कर यांची टीका काही ठिकाणी अतिरेकी आहे असे माझे मत आहे, पण संग्राहकाची वही म्हणजे समाजाचा आरसा नव्हे हा त्यांचा मूळ मुद्दा नाकारता येत नाही.

सनीबँकच्या संदर्भात या निवडकपणाचा पुरावा घरातच मिळतो. जेन जेन्ट्री यांच्याजवळ गाण्यांइतक्याच कथा होत्या. जॅक नावाच्या धाडसी, हजरजबाबी मुलाच्या या कथा हार्मन-हिक्स घराण्याचा ठेवा होत्या. शार्प यांनी गाणी घेतली आणि ते पुढे गेले. त्या कथा १९२३ साली इझाबेल गॉर्डन कार्टर यांनी जेन यांच्या तोंडून ऐकून लिहून घेतल्या आणि १९२५ मध्ये अमेरिकेच्या लोकविद्याविषयक मुख्य नियतकालिकात छापल्या. त्याच वर्षी जेन यांचे निधन झाले. अमेरिकेतील जॅक-कथांच्या अभ्यासाची सुरुवात बहुधा त्या लेखापासूनच मोजली जाते. म्हणजे ज्या पाहुण्याच्या नावाने खोली ओळखली जावी असे वाटते, त्याने यजमानाच्या घरातील एका दालनाचे दार उघडलेच नव्हते. वेळ अपुरा होता, उद्दिष्ट ठरलेले होते, त्यामुळे त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु घराचे मोजमाप त्याच्या वहीवरून करता येणार नाही एवढे यातून निश्चित होते.

जेन यांनी गायलेल्या गाण्यांपैकी एक येथे मुद्दाम नमूद करतो. शाळेला निघालेल्या एका मुलाला वाटेत एक कपटी सरदार अडवतो आणि प्रश्नामागून प्रश्न विचारतो. कुठे चाललास, हातात काय आहे, अशा त्या प्रश्नांना मुलगा जागचा न हलता उत्तरे देत राहतो. तो सरदार म्हणजे सैतानच आहे, असे या कथागीताचे अभ्यासक मानतात. मुलांना शाळा मिळावी म्हणून डोंगरातले बिऱ्हाड गावात आणलेल्या आईच्या तोंडी हे गाणे ऐकताना शार्प यांना ते एका प्राचीन ब्रिटिश कथागीताचा दुर्मीळ पाठ म्हणून मोलाचे वाटले, आणि ते तसे होतेही. घराच्या बाजूने पाहणाऱ्याला त्यात त्या घरात का राहायला आलो याची गोष्टही ऐकू येऊ शकते. जेन यांच्या मनात हा संबंध होता असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. गायिकेच्या चरित्रासह गाणे वाचले तर वाचकाला ते दिसते, नुसत्या संग्रहात वाचले तर दिसत नाही, इतकेच म्हणायचे आहे.

बाजूचे युक्तिवाद

शार्प यांचे नाव द्यावे या बाजूने दोन सबळ मुद्दे आहेत. पहिला असा की, त्यांच्याविना या घराला आंतरराष्ट्रीय ओळख मिळाली नसती. लंडनमध्ये १९३० पासून त्यांच्या नावाची वास्तू उभी आहे, त्यांची हस्तलिखिते केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजात आहेत, आणि लोकगीतांचा अभ्यासक हॉट स्प्रिंग्जला येतो तो त्यांच्या पावलावर पाऊल टाकत. दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे. अतिथिगृहाला ग्राहक हवा असतो आणि परिचित नाव ग्राहक आणते.

पहिल्या मुद्द्याला उत्तर हिक्स-हार्मन घराण्याच्या पुढील इतिहासात आहे. जेन यांच्या कन्या मॉड जेन्ट्री लाँग यांनी १९४७ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी आईकडून आलेली गाणी आणि जॅक-कथा ध्वनिमुद्रित केल्या. त्याच घराण्याच्या बीच माउंटनवरील शाखेतील रे हिक्स यांना १९८३ मध्ये राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. शेजारच्या सोडम लॉरेल भागात कथागीते गाण्याची परंपरा कुटुंबांतून आजतागायत चालत आली आहे. या माणसांना आपली गाणी पुस्तकातून परत शिकावी लागली नाहीत. पुस्तकामुळे जगाला ती कळली हे खरे, पण जिवंत राहण्यासाठी त्या परंपरेने संग्राहकाची वाट पाहिली नव्हती.

व्यवहाराच्या मुद्द्याबाबत तर माझे मत अधिक ठाम आहे. सनीबँकला येणारा बहुसंख्य ग्राहक पदयात्री आहे. त्याला अंघोळ, जेवण आणि कोरडे अंथरूण हवे असते आणि शार्प हे नाव त्याच्या कानावर असण्याचा संभव कमीच. त्याला नवे नाव सांगायचेच असेल तर घर चालवणाऱ्या, परक्यांना पोटभर जेवू घालणाऱ्या बाईचे नाव त्याला अधिक जवळचे वाटेल. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन चक्रीवादळाने हॉट स्प्रिंग्जच्या मध्यवस्तीत पुराचे पाणी शिरून मोठी हानी केली. त्यानंतर गावात परतणाऱ्या प्रवाशालाही आस्था गावातल्या माणसांविषयी असते, इंग्लंडमधील संस्थेविषयी क्वचित.

निर्णय

माझा निष्कर्ष असा की, या घरातील पाहुण्यांच्या मुख्य खोलीला जेन जेन्ट्री यांचे नाव द्यावे आणि शार्प, कार्पेलिस व कॅम्पबेल यांचा उल्लेख तिच्या दारावरील माहितीपत्रात करावा. यामागचे कारण भावनिक नाही. या घरात जेन यजमान होत्या आणि शार्प हे भेटीस आलेले पाहुणे होते. पाहुण्याचे नाव खोलीला देऊन यजमानाचे नाव रस्त्यावरच्या फलकाच्या दुसऱ्या वाक्यात ठेवले, तर घराचा इतिहास उलटा वाचला जातो. शार्प यांचे नाव ज्या घराशी जोडणे उचित ठरेल अशी घरे इंग्लंडमध्ये आहेत आणि लंडनमधील वास्तूने ते काम आधीच केले आहे. एखाद्या घरात जेन यांच्यासारखी ठळक यजमान नसती, संग्राहक तेथे वर्षानुवर्षे राहून लिहीत असता, तर मी उलट निर्णय दिला असता. प्रत्येक जुन्या अतिथिगृहासाठी हाच नियम लागू आहे असे मला म्हणायचे नाही.

माहितीपत्रातील मजकूर थोडका असावा, कारण दमलेला माणूस दारात उभा राहून परिच्छेद वाचत नाही. मी तो पुढीलप्रमाणे सुचवतो: ‘जेन हिक्स जेन्ट्री (१८६३–१९२५) या घरात राहत आणि पाहुणे ठेवीत. आजोबा कौन्सिल हार्मन यांच्या घराण्यातून आलेली गाणी आणि कथा त्यांना मुखोद्गत होत्या. ऑलिव्ह डेम कॅम्पबेल यांच्या संग्रहाने प्रेरित होऊन सेसिल शार्प आणि मॉड कार्पेलिस १९१६ साली त्यांच्याकडे आले आणि त्यांनी साठांहून अधिक गाणी उतरवून घेतली. १९२३ साली इझाबेल गॉर्डन कार्टर यांनी त्यांच्या कथा नोंदवल्या. कन्या मॉड लाँग यांनी ती गाणी व कथा पुढे जपल्या.’ यात पाच स्त्रिया आणि दोन पुरुष येतात. हे प्रमाण मी ओढूनताणून आणलेले नाही, कामात कोण होते एवढेच लिहिल्यावर ते आपोआप तसे झाले.

खोलीतील मांडणीविषयी दोन सूचना आहेत. जुन्या ग्रामोफोनची किंवा चरख्याची शोभेची प्रतिकृती ठेवण्याचा मोह टाळावा. शार्प यांनी येथे वही आणि पेन्सिलीने काम केले, आणि डोंगरातल्या साधेपणाचे जे नाटकी चित्र पर्यटकांना विकले जाते त्याला गावात चालणाऱ्या एका कर्त्या घराच्या नावाने हातभार लावणे योग्य नव्हे. त्याऐवजी जेन यांच्या एका गाण्याची स्वरलिपी, वर लिहिलेले त्यांचे नाव, ठिकाण आणि तारीख यांसह, भिंतीवर लावावी. १९१७ च्या आवृत्तीवरील स्वामित्वहक्काची मुदत अमेरिकेत संपलेली असल्यामुळे त्या पानासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. खोलीत मॉड लाँग यांचा आवाज ऐकवायचा असेल, तर मात्र १९४७ च्या ध्वनिमुद्रणांबाबत काँग्रेस ग्रंथालयाच्या लोकजीवन विभागाकडे चौकशी करावी लागेल, आणि त्याआधी जेन्ट्री कुटुंबाच्या वंशजांना विचारावे लागेल.